विश्लेषण: दर दोन तासांनी कूस बदला... पॅरालिम्पिकचे जनक डॉ. लुडविग गुटमन यांनी बेडसोरला कसे हरवले?

पॅरालिम्पिक म्हटले की पदके, व्हीलचेअर आणि पोडियमवरचा तिरंगा डोळ्यांसमोर येतो. या स्पर्धेचे जनक म्हणून डॉ. लुडविग गुटमन यांचे नाव घेतले जाते. मात्र स्पर्धा सुरू करण्याआधी त्यांनी एका फार साध्या वाटणाऱ्या शत्रूशी झुंज दिली होती. तो शत्रू म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, कमरेला आणि टाचांना होणारी जखम. डॉक्टर तिला शय्याव्रण किंवा प्रेशर अल्सर म्हणतात, घरोघरी ती ‘बेडसोर’ म्हणून ओळखली जाते.

पक्षाघात झालेले वडील, मांडीचे हाड मोडलेली आजी, अपघातानंतर कमरेखालची संवेदना गेलेला भाऊ... आज अशा रुग्णांची बहुतेक शुश्रूषा घरीच होते. रुग्णालयातून डिस्चार्ज मिळतो आणि दोन-तीन आठवड्यांत पाठीवर लाल डाग दिसतो. ‘इतके दिवस पडून आहेत, जखम होणारच,’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. ८० वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचेही हेच मत होते. गुटमन यांनी ते खोटे ठरवले. कसे, ते पाहू.

गुटमन कोण होते?

लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. ते लहान असतानाच कुटुंब क्योनिग्सह्युटे या खाणींच्या शहरात राहायला गेले.

पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१७ मध्ये तिथल्या अपघात रुग्णालयात ते मदतनीस म्हणून काम करत होते. एके दिवशी खाणीत जखमी झालेला एक धडधाकट तरुण कामगार दाखल झाला. त्याच्या पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. त्याला इतर रुग्णांपासून वेगळे, पडद्याआड ठेवण्यात आले. गुटमन त्याची माहिती लिहून घेऊ लागले, तेव्हा तो काही आठवड्यांचाच सोबती असल्याने नोंदींचा खटाटोप करू नये, असे त्यांना सांगण्यात आले. झालेही तसेच. पाच आठवड्यांत जंतुसंसर्ग अंगभर पसरून तो तरुण गेला.

त्याचा जीव मोडलेल्या कण्याने घेतला नव्हता. तो गेला लघवीच्या मार्गातील संसर्गाने आणि पाठीवर झालेल्या बेडसोरमुळे. हा रुग्ण गुटमन यांच्या मनातून कधीच गेला नाही.

बेडसोर नेमका होतो कसा?

दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे लागू पडते. माणूस पाठीवर झोपतो तेव्हा त्याचे वजन संपूर्ण पाठीवर सारखे वाटले जात नाही. ते डोक्याचा मागचा भाग, खांदे, कोपरे, माकडहाडाचा भाग आणि टाचा अशा हाडाच्या टोकांवर एकवटते. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा व मांस चेपले जाते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत पेशी मरू लागतात.

निरोगी माणसाला हा त्रास का होत नाही? कारण अवघडल्याची जाणीव होताच तो झोपेतही कूस बदलतो. कण्याला इजा झालेल्या रुग्णाला ती जाणीवच होत नाही. पक्षाघात झालेल्या किंवा फार अशक्त रुग्णाला जाणीव झाली तरी हलता येत नाही.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे ओल. घाम, लघवी, शौच यामुळे त्वचा मऊ पडते आणि लवकर फाटते. दुसरी म्हणजे घासणे. रुग्णाला उशीला टेकवून बसवले की तो हळूहळू खाली घसरतो. त्वचा चादरीला चिकटून राहते, आतले हाड मात्र सरकते आणि मधल्या ऊती ताणल्या जातात. म्हणूनच अनेकदा वरून लहान दिसणारी जखम आत बरीच खोल असते.

नाझी राजवटीत त्यांच्यावर काय वेळ आली?

वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाल्यावर गुटमन यांनी ब्रेस्लाऊ येथे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ ऑटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली काम केले. जर्मनीतील अव्वल मेंदूविकारतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होऊ लागली. मात्र १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. त्या रात्री दारात येईल त्याला कोणतेही प्रश्न न विचारता दाखल करून घ्या, असा आदेश गुटमन यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी चौकशीला आले. गुटमन यांनी त्यांना खाटा-खाटांवर नेऊन प्रत्येकाचा ‘आजार’ पटवून दिला. दाखल झालेल्या ६४ जणांपैकी ६० जणांची अटक त्यामुळे टळली.

मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्स आणि दोन मुलांसह ते इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला पोहोचले. तिथे निर्वासित म्हणून त्यांना संशोधनाचे काम मिळाले, परंतु रुग्ण मिळाले नाहीत. जवळपास पाच वर्षे अशीच गेली.

स्टोक मँडव्हिलमध्ये काय बदलले?

१९४४ मध्ये दोस्त राष्ट्रे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करत होती. कण्याला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे उघड होते. त्यांच्यासाठी लंडनपासून जवळच, एल्सबरीनजीकच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात स्वतंत्र विभाग काढण्याचे ठरले. ही जबाबदारी घ्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते, कारण असे रुग्ण वाचत नाहीत असा समज होता. गुटमन तयार झाले. आपल्या पद्धतीने काम करू द्यावे, एवढीच त्यांची अट होती. १ फेब्रुवारी १९४४ रोजी हा विभाग सुरू झाला.

येणाऱ्या रुग्णांची अवस्था भयंकर होती. कणा हलू नये म्हणून अनेकांना प्लास्टरच्या साच्यात बांधून आणले जात असे. संवेदना नसलेल्या त्वचेसाठी हे प्लास्टर म्हणजे दगडी गादीच. ते कापून काढल्यावर खाली हाडापर्यंत गेलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या जखमा सापडत. गुटमन यांनी आपल्या विभागातून ही प्लास्टरची पद्धत बंद केली. त्याऐवजी रुग्णाच्या शरीराखाली उशा अशा रचल्या जात की कण्याला आधार मिळेल आणि हाडाची टोके गादीला टेकणार नाहीत.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा नियम होता कूस बदलण्याचा. प्रत्येक रुग्णाला दिवस-रात्र दर दोन तासांनी वळवायचे. रात्री दोनलाही आणि पहाटे चारलाही. दोन-तीन जणांचे पथक रुग्णाला ओढत न नेता एकाच वेळी उचलून दुसऱ्या कुशीवर ठेवत असे. प्रत्येक वेळी त्वचा तपासली जाई. नियम नीट पाळला जातो का, हे बघायला गुटमन स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येत. त्यांची शिस्त कडक आणि स्वभाव तापट होता. सुरुवातीला कर्मचारी वैतागले. मरणाऱ्या माणसावर इतकी मेहनत कशाला, असा सूर होता. मग जखमा भरू लागल्या आणि तो सूर बदलला.

केवळ वळवून भागत नव्हते. मोठ्या जखमेतून शरीरातील प्रथिने सतत वाहून जातात, त्यामुळे रुग्ण खंगतो आणि जखम भरत नाही. म्हणून प्रथिनयुक्त आहार आणि गरजेनुसार रक्त देण्यावर त्यांचा भर होता. मेलेल्या ऊती काढून जखम स्वच्छ ठेवली जाई. लघवीची नळी घालताना निर्जंतुकतेबाबत तडजोड नसे. पेनिसिलिन त्याच काळात हाती येऊ लागले होते, त्याचीही मदत झाली. परंतु कूस बदलली नाही तर कोणतेही औषध पुरे पडत नाही, हे गुटमन यांच्या वॉर्डाने दाखवून दिले.

खेळांचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. पाठीवर जखम असलेला माणूस बसू शकत नाही. बसता आले नाही तर व्हीलचेअर नाही, व्हीलचेअर नाही तर काम नाही आणि घराबाहेर पडणेही नाही. जखम भरली की हे सगळे रस्ते उघडतात.

गुटमन यांनी रुग्णांना फार काळ झोपू दिले नाही. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशी कामे रुग्णालयातच शिकवली जाऊ लागली. जोडीला खेळ आले. आधी व्हीलचेअर पोलो, मग नेटबॉल आणि तिरंदाजी. खेळामुळे हात आणि खांदे बळकट होतात. ज्याचे हात बळकट तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलू शकतो आणि बैठकीवरचा दाब स्वतःच कमी करू शकतो. मनाला उभारी मिळते ती वेगळीच.

जुलै १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली. त्यात दोन महिलाही होत्या. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकनंतर त्याच शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. आज ती पहिली पॅरालिम्पिक मानली जाते.

१९६६ मध्ये गुटमन यांना ‘सर’ हा किताब मिळाला. कण्याच्या दुखापतींवरील त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी काय नाते?

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे भारतीय लष्करात होते आणि उत्तम बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यातील एक कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार आणि पुनर्वसनाच्या काळात ते पोहण्याकडे वळले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. गुटमन तेव्हा हयात होते आणि या खेळांची धुरा त्यांच्याकडेच होती. १९७४ मध्ये पुण्याच्या खडकीत जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले.

रुग्ण घरी आल्यावर काय होते?

गुटमन यांच्या पद्धतीतला कमी चर्चेत आलेला भाग इथे सुरू होतो. त्वचेची काळजी डिस्चार्जच्या दिवशी संपत नाही, ती आयुष्यभर घ्यावी लागते, हे ते रुग्णांच्या मनावर बिंबवत. आरशात पाहून स्वतःची पाठ तपासायची, ठरावीक वेळाने अंग उचलायचे, नियमित तपासणीला यायचे, अशी सवय लावली जाई.

वॉर्डात तीन पाळ्यांमध्ये कर्मचारी असतात. घरी मात्र एकच सून, एकच मुलगी किंवा पगारी केअरटेकर मावशी असतात. रात्री दोनला कोण उठणार, हा खरा प्रश्न आहे. तो एकाच व्यक्तीवर सोडला तर आठवड्याभरात ती थकते आणि नियम मोडतो. त्यामुळे घरच्या शुश्रूषेतही पाळ्या लागतात, रात्रीची एखादी पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यायला हवी.

आज घरी नेमके काय करावे?

वेळापत्रक लावा: खाटेजवळ कागद चिकटवा. वेळ, कूस आणि वळवणाऱ्याचे नाव एवढे तीन रकाने पुरेत. उदा. सकाळी ६ डावी कूस, ८ पाठ, १० उजवी कूस. मोबाइलवर दर दोन तासांचा अलार्म लावा. रुग्णाची स्थिती आणि गादीचा प्रकार पाहून हे अंतर कमी-जास्त करता येते, मात्र ते डॉक्टर किंवा परिचारिकेला विचारूनच ठरवा. खुर्चीत बसणाऱ्यांनी दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलावे किंवा बाजूला झुकावे.

ओढू नका, उचला: रुग्णाखाली एक आडवी चादर घाला. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून रुग्णाला उचलून सरकवा. कुशीवर वळवताना थेट कंबरेच्या हाडावर भार येऊ देऊ नका. पाठीमागे उशी लावून थोडे तिरके ठेवा. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी राहतील असे पाहा. जेवणाची वेळ सोडून डोक्याकडची बाजू फार उंच ठेवू नका.

रोज त्वचा पाहा: स्पंजिंग करताना माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, कोपरे, कान हे सगळे चांगल्या उजेडात तपासा. लाल डागावर बोटाने हलके दाबून सोडा. लाली क्षणभर जाऊन परत आली तर रक्त फिरते आहे. लाली तशीच राहिली तर ती बेडसोरची पहिली पायरी समजा. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. अशा वेळी तो भाग आजूबाजूपेक्षा काळसर-जांभळा, गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतो का, हे पाहा. तसे असेल तर त्या बाजूवर भार देणे लगेच थांबवा.

कोरडे ठेवा, पोटभर द्या: डायपर ओला झाला की लगेच बदला. त्वचा पुसताना घासू नका, टिपून घ्या. चादरीला सुरकुत्या नकोत. आहारात डाळी, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी जे चालते ते द्या. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.

हे टाळा: लाल झालेल्या जागी जोरात मालीश करू नका, आतल्या ऊतींना आणखी इजा होते. मधे भोक असलेली गोल रिंग वापरू नका, तिच्या कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा अडतो. उघड्या जखमेवर हळद, टाल्कम पावडर, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड मनाने लावू नका. हवेची गादी उपयोगी आहे, परंतु ती घेतली म्हणून कूस बदलणे बंद करता येत नाही.

डॉक्टर कधी गाठावा?: कातडी फुटली किंवा फोड आला तर जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवा आणि ड्रेसिंगची पद्धत शिकून घ्या. पू, दुर्गंधी, ताप, वाढत जाणारी सूज, काळी पडलेली कातडी किंवा आत हाड दिसणे, यापैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आठवड्यातून एकदा जखमेचा फोटो तारखेसह काढून ठेवला, तर ती भरते आहे की वाढते आहे हे डॉक्टरांना चटकन कळते.

मग प्रत्येक बेडसोर टाळता येतो का?

प्रत्येक नाही. अखेरच्या अवस्थेतील रुग्णांमध्ये सगळी काळजी घेऊनही जखम होऊ शकते. अशा वेळी घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये. रुग्णाला वेदना होऊ न देणे हेच तिथे मुख्य काम असते. मात्र बहुतेक बेडसोर टाळता येतात आणि सुरुवातीला लक्षात आले तर थोपवताही येतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चार उशा, एक आडवी चादर, घड्याळ आणि पाळीने उठणारी दोन-तीन माणसे लागतात. १९४४ मध्ये गुटमन यांच्याकडेही याहून फार काही नव्हते.